बालकाची वेदना व तितिक्षा

चंदन नदीच्या घाटावर पडून एखाद्या मुलाचा हात मोडला, की आम्ही वडीलधारी सहज म्हणतो, "रडू नकोस, सोस." परंतु तितिक्षा हे स्वेच्छेने घेतलेले व्रत होय, अजाण बालकावर ते लादणे धर्म नव्हे. मग औषध कोणते? जितके तीव्र तितकी दया अधिक, असेही नाही. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, साध्या अस्थिभंगाच्या मुलांना तोंडावाटे दिलेल्या आयबुप्रोफेन व मॉर्फीन या औषधांनी वेदना जवळजवळ सारखीच शमविली. मॉर्फीनने मळमळ व गुंगी मात्र अधिक आणली. म्हणून मोडलेला अवयव फळीने स्थिर करून मुलास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे आणि वेदनाशामक मागण्यास संकोचू नये. बालकाची वेदना हलकी करणे हीही श्रीरामाची सेवाच, असे आम्ही मानतो.