चू. भू. द्या. घ्या.

चुकणाऱ्याला मराठीइतके सांभाळून घेणारी भाषा मला तरी दुसरी ठाऊक नाही. मराठी माणूस सहसा चूक करीत नाही. ती त्याच्या हातून 'होते'. कपबशी आपण फोडत नाही, ती फुटते. अर्ज द्यायला आपण विसरत नाही, तो द्यायचा राहून जातो. कचेरीत तर 'नजरचुकीने' हा एक शब्द नीट वापरता आला की माणूस निवृत्तीपर्यंत सुखरूप पोचतो, कारण सगळा दोष नजरेवर जातो आणि नजरेला मेमो देता येत नाही. जुने दुकानदार बिलाच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' असे छापून मोकळे व्हायचे. चूकभूल द्यावी, घ्यावी. सगळा जन्म हिशेब तपासण्यात घालवलेल्या मला या चार अक्षरांत निम्मे नीतिशास्त्र आले आहे असे वाटत असे.

अमेरिकेच्या आयकर खात्याला मात्र हे चार अक्षरांत जमलेले नाही. चूक कशाला म्हणायचे याचे त्यांना कलम करावे लागले, आणि गेल्या मार्चमध्ये त्या कलमात माझा भाचा सापडला.

भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे ज्यांची आरोग्यविम्याची पॉलिसी मोठ्या 'डिडक्टिबल'ची असते, म्हणजे विमा कंपनी जागी होण्याआधी बरेच पैसे स्वतःच्या खिशातून घालावे लागतात, त्यांना 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' नावाचे खाते उघडता येते. २००३ सालच्या कायद्याने ही सोय झाली आणि २००४पासून ती चालू आहे. पैसे घालताना आयकर नाही, आत वाढले तर नाही, औषधपाण्यासाठी काढले तर तेव्हाही नाही. (हे केंद्र सरकारचे. न्यू जर्सी राज्य हे लाड मानीत नाही, पण तो तमाशा वेगळा.) आपल्या आया डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या, तोच हा प्रकार, फक्त डब्यावर सरकारी चिठ्ठी आहे, 'आजारपणासाठी'. दुसऱ्या कशासाठी हात घातलात तर ती रक्कम उत्पन्नात धरून त्यावर कर, आणि वर २० टक्के. २०१० सालापर्यंत हे वरचे १० टक्केच होते. वयाच्या ६५नंतर हे वरचे माफ होतात, म्हणजे पडायला होते त्या वयात सरकार थोडे हळवे होते.

आता गंमत अशी, की हात कशासाठी घातला हे डब्याला कळत नाही. बँक विचारत नाही. पावती आपल्याच कपाटात ठेवायची. कर भरताना फॉर्म ८८८९वर एकूण किती काढले ते लिहायचे, त्याखाली योग्य खर्चाला किती गेले ते लिहायचे, आणि वजाबाकीही आपणच करायची. पावती जोडायची नाही. इतका विश्वास माझ्यावर माझ्या सासऱ्यांनीही कधी टाकला नव्हता.

आदल्या सप्टेंबरात माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, पुण्यात न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. भाच्याने रातोरात पैसे पाठवले, आणि मग बिल, डॉक्टरांची सही, इस्पितळाचा शिक्का असे सगळे हाताशी आहे म्हणून तेवढेच चार हजार डॉलर या खात्यातून काढून घेतले. परदेशातला उपचार चालतो का, हे त्याने पाहून घेतले होते. चालतो. कुणाचा चालतो, हे पाहावे असे त्याच्या मनातही आले नाही. आईचाच तर होता!

मार्चमध्ये तो कर भरायला बसला तेव्हा मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. नियम असा निघाला : स्वतःचा उपचार चालेल, बायकोचा किंवा नवऱ्याचा चालेल, आणि 'डिपेंडंट'चा चालेल. आई डिपेंडंट होऊ शकते. पण त्यासाठी ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी हवी, नाहीतर लगतच्या देशात, म्हणजे कॅनडा किंवा मेक्सिकोत राहणारी हवी, आणि तिच्या पोटापाण्याचा निम्म्याहून अधिक भार मुलाने उचललेला हवा. भाच्याने हे दोनदा वाचले.

"मामा, आई मेक्सिकोत असती तर निदान विचार तरी करता आला असता."

"अरे, तिला दिवाळीला ठाण्याला न्यायचं तर आठ दिवस विनवण्या कराव्या लागतात," मी म्हणालो.

आता मार्ग तीन. पहिला मार्ग शनिवारी जेवायला आलेल्या एका स्नेह्यांनी श्रीखंडाबरोबर सुचवला. "हॉस्पिटलचं बिल आहे ना? मग लिहून टाका योग्य खर्च म्हणून. कोण बघतंय?" हे खोटे मोठे देखणे होते. बिल खरे, शिक्का खरा, हाड तर खरोखरच मोडलेले. सगळा खोटेपणा काय तो 'आमची' या एका शब्दात, आणि तो शब्द तर भाच्याच्या दृष्टीने सगळ्यांत खरा!

दुसरा मार्ग खात्यानेच २००४ सालच्या एका परिपत्रकात दाखवून ठेवला आहे. वाजवी कारणाने वस्तुस्थितीबद्दल चूक होऊन पैसे काढले गेले असतील आणि तसा स्पष्ट, पटण्याजोगा पुरावा असेल, तर ते खात्यात परत भरा. कर नाही, दंड नाही. उदाहरणही दिले आहे : खर्च नियमात बसतो अशी एखाद्याची वाजवी पण चुकीची समजूत झाली आणि त्याने पैसे घेतले. आमच्या भाच्याचा जणू फोटोच. (वस्तुस्थितीची चूक निराळी आणि कायद्याची चूक निराळी, हे आपल्या १८६०च्या जुन्या दंडसंहितेतही होते, आणि कायदा ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही. तेव्हा भाच्याची चूक यांतली कुठली, या विचाराने माझी झोप उडायची. पण साक्षात खात्यानेच ते उदाहरण घेतले म्हटल्यावर मी कूस बदलून झोपलो.)

तिसरा मार्ग म्हणजे निमूटपणे कर भरायचा आणि वर २० टक्के, म्हणजे ८०० डॉलर. मी याचे रुपयांत गुणाकार करून पाणी प्यालो.

दुसरा मार्ग सरळ होता. भाचेसुनेने बँकेचा फॉर्म छापूनही आणला. पण भाचा सही करीना. फॉर्मवर रक्कम चुकीने काढली गेल्याचे जाहीर करायचे होते.

"आईच्या ऑपरेशनचे पैसे ही माझी चूक, असं लिहून देऊ? त्यापेक्षा ८०० डॉलर गेले तरी चालतील."

मला हसू आले आणि आले तसे गेले. खोटे लिहिले तर आई घरची राहते आणि खरे लिहिले तर परकी होते, असा पेच होता. हरिश्चंद्राने सत्यापायी बायको विकली, पण ती आपली नव्हेच असे लिहून द्यायला त्याला कोणी सांगितले नव्हते. तरीही भाच्याचा तिसरा मार्ग मला पटेना. आईसाठी दंड सोसला असे वाटण्यात एक मोठेपणा आहे, नाही असे नाही. पण ते ८०० डॉलर अमेरिकेच्या तिजोरीत जाणार. त्यांतून आईला साधी काठीसुद्धा येणार नाही. असला मोठेपणा माणूस स्वतःसाठी विकत घेतो, आणि २० टक्के हा भाव मला महाग वाटला.

भाचेसून एवढा वेळ भांडी लावीत होती. ती म्हणाली, "चूक देण्यात कुठं झालीय? काढण्यात झालीय. गॅसच्या डब्यातले पैसे चुकून दुधाला घेतले, म्हणून दूध चुकीचं होतं का?"

यावर खरे म्हणजे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. पण पुरुष बोलतातच, म्हणून आम्ही मुदतीकडे वळलो. चूक ज्या वर्षी कळली, किंवा 'कळायला हवी होती', त्या वर्षानंतरच्या १५ एप्रिलपर्यंत पैसे परत भरायचे. चूक कळली मार्चमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षीचा एप्रिल. पण कळायला केव्हा हवी होती? पैसे काढले तेव्हाच, असे कोणी म्हटले तर हाच एप्रिल! 'कळायला हवं होतं' या तीन शब्दांवर माझ्या पत्नीची सगळी न्यायव्यवस्था उभी आहे, त्यामुळे त्यांची धार मी जाणतो. पण अपरात्री फोन येतो, आई पडली म्हणून. त्या आठवड्यात 'लगतचा देश' म्हणजे कुठला हे ज्या मुलाला आठवेल तो कराच्या बाबतीत कधी चुकणार नाही, हे मी लिहून देतो. फक्त माझे हाड मोडले तर त्याला कळवू नका.

शेवटी मी बहिणीला फोन लावला. पैशांची भानगड भाच्याने तिच्यापासून लपवून ठेवली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे अमेरिकन सरकारच्या मते मी त्याच्यावर अवलंबून नाही?"

"तसंच म्हणायचं."

"मग बरोबरच आहे की! एकतीस वर्षं मास्तरकी केलीय. पेन्शन खाते मी. त्याला म्हणावं, कर सही. आणि जिथं हे छापलंय त्या पानाची एक प्रत मला पाठव."

भाच्याने सही केली. चार हजार डॉलर उभे करायला उन्हाळ्यातली सहल रद्द झाली. पोरे दोन दिवस माझ्याशीच फुगून होती. त्यात कळले की असे पैसे परत घेण्याचे बँकेवर बंधन नाही. म्हणजे 'द्यावी' कायद्यात आहे, 'घ्यावी' बँकेच्या मर्जीवर! आठ दिवस आम्ही टपालपेटीकडे पाहत काढले. बँकेने घेतले, याच एप्रिलच्या १५ तारखेच्या आत.

पानाची प्रत पुण्याला पोचली. बहिणीने ती पेन्शनच्या फायलीत लावली. पण त्याआधी वॉकर घेऊन समोरच्या काकूंना दाखवून आली.