नादाची नित्यता आणि ध्वनिसंचालनाचा विद्यार्थी

शब्द नित्य आहे, उच्चार त्याला केवळ प्रकट करतो, असे मीमांसकांचे मत; तो उत्पन्न होतो आणि नाश पावतो, असे नैयायिकांचे; आणि हा प्राचीन वाद नाटकाचे ध्वनिसंचालन शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ज्या निकराने उभा राहतो, तितक्या निकराने तो पाठशाळेतही क्वचितच उभा राहत असेल. मेघगर्जना फितीवर मुद्रित आहे, तिची खूण संहितेच्या समासात आहे, पातळी तालमीत मुक्रर झालेली आहे. तरीही नटाचा निःश्वास पुरा होण्याआधी ती सोडली, तर तिचा निव्वळ गोंगाट होतो. लाटेतून लाट उपजावी तसा शब्दातून शब्द उपजत कानापर्यंत येतो, हा नैयायिकांचा वीचितरंगन्याय येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. कारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जात असल्याने ३४ मीटरांवरील प्रेक्षकाला तो दशांश सेकंद उशिरा पोचतो. मला नैयायिकांचाच पक्ष ग्राह्य वाटतो. मुद्रित फीत ही नित्यता नव्हे, ती दप्तरातील नोंद होय. शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की यंत्राची कळ हाती देण्यापूर्वी विद्यार्थ्याला रिकाम्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसवून तेथील शांतता ऐकू द्यावी.