परीक्षा नसलेले विद्यार्थी

विद्यापीठ असलेल्या शहरात निवृत्तांसाठी दर आठवड्याला एक व्याख्यान ठेवणे फारसे अवघड नसते. वक्ते गावातच मिळतात, दुपारी सभागृहे रिकामी असतात आणि श्रोत्यांना सवड असते. सगळे इतके सहज जमून येते की ही व्याख्यानमाला नेमकी कशासाठी, असे सहसा कोणी विचारत नाही. ‘ज्येष्ठांचा वेळ चांगला जातो’ एवढे उत्तर संयोजकांना, प्रायोजकांना आणि घरच्यांनाही पुरते. माझ्या मते या उत्तरात ज्येष्ठांचा अपमान आहे आणि विद्यापीठाचाही. परीक्षा, पदवी, नोकरी, बढती यांतल्या कशाचीही आशा न ठेवता शिकायला येणारा एवढा मोठा वर्ग दुसरा नाही. त्याच्यासमोर विद्यापीठ काय बोलते आणि त्याचे काय ऐकून घेते, यावरून त्या विद्यापीठाला ज्ञानाची चाड किती आहे ते कळते.

या कल्पनेला विद्यापीठीय रूप मिळाले ते फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. १९६८च्या विद्यार्थी उठावानंतर फ्रान्सने उच्च शिक्षणाचा नवा कायदा केला आणि निरंतर शिक्षणाची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. त्या वातावरणात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी १९७३ साली निवृत्तांसाठी वेगळे ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. प्रवेशासाठी पदवीची अट नव्हती आणि शुल्क नाममात्र होते. विद्यापीठातले अध्यापक व्याख्याने देत आणि जोडीला व्यायामाचे कार्यक्रमही असत. दोनच वर्षांत, १९७५ साली, अशा संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

ब्रिटनमध्ये ही कल्पना पोहोचली ती केंब्रिजमध्ये, आणि तिथे तिचा पायाच बदलला. १९८१ साली इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी ज्या संस्थेची आखणी केली, तिच्यात शिकवणारे आणि शिकणारे वेगळे नव्हते. आज जो भूगर्भशास्त्र शिकवतो तो उद्या दुसऱ्याकडून इटालियन शिकतो. पगार नाही, प्रमाणपत्र नाही आणि विद्यापीठाचे पालकत्वही नाही. लॅस्लेट स्वतः ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होते. तरीही ज्या गावात विद्यापीठाशिवाय पान हलत नाही, तिथेच त्यांनी विद्यापीठावर अवलंबून नसलेले शिक्षण उभे केले. आज ब्रिटनमध्ये अशी हजारावर मंडळे आहेत.

तुलूझ आणि केंब्रिज यांच्यातला हा मतभेद केवळ व्यवस्थेपुरता नाही. निवृत्त माणसाकडे पाहायचे कसे, याबद्दल दोन्ही ठिकाणची समजूत वेगळी आहे. तुलूझच्या दृष्टीने त्याला आजवर जे मिळाले नाही ते विद्यापीठाने द्यायचे आहे. केंब्रिजच्या दृष्टीने त्याच्याजवळ आधीच बरेच काही आहे, ते वाटून घेण्याची सोय तेवढी हवी आहे. पहिल्या पद्धतीत ज्ञान ताजे राहते, पण श्रोता जन्मभर श्रोताच राहतो. दुसऱ्या पद्धतीत त्याचा मान राहतो, पण मंडळ स्वतःभोवतीच फिरू लागण्याचा धोका असतो. सारख्या वयाची, सारख्या शिक्षणाची, सारख्या निवृत्तिवेतनाची माणसे एकमेकांना तेच सांगत राहतात आणि एकमेकांचे पूर्वग्रहही जपतात. म्हणून पाहुणा वक्ता हवाच. बाहेरून कोणी आल्याशिवाय आपल्याला काय माहीत नाही हे कळत नाही. पण त्याने बोलायचे आणि इतरांनी टाळ्या वाजवून चहाला जायचे, या रिवाजातून त्यालाही काही मिळत नाही.

लॅस्लेट यांनी १९८९च्या ‘अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ’ या पुस्तकात आयुष्याचे चार टप्पे मांडले. पहिला परावलंबनाचा आणि शिक्षणाचा, दुसरा कमाईचा आणि संसाराचा, तिसरा स्वतःला हवे ते करण्याचा आणि चौथा पुन्हा परावलंबनाचा. तिसरा टप्पा वाढदिवसाने सुरू होत नाही, असे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. या टप्प्यातल्या माणसांकडे पुढच्या पिढ्यांच्या वतीने समाजाचे विश्वस्तपद येते, हेही त्यांनी बजावले. मोकळ्या वेळेबरोबर कर्तव्यही येते, हा त्यांच्या मांडणीतला भाग आपल्याकडे फारसा कोणी उचलला नाही.

महाराष्ट्राला खरे तर हा नकाशा अनोळखी वाटू नये. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे १९१४ साली निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आज राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी याच वयाला निवृत्त होतात. कर्वे यांच्यासारखी माणसे अपवादात्मक असतात आणि अपवादावर समाजाची घडी बसत नाही, हे मान्य. म्हणूनच जे कर्वे नाहीत त्यांच्यासाठी संस्था लागतात.

व्याख्यानमालेची परंपरा तर पुण्यात विद्यापीठाहून कितीतरी जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. पुणे विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली. म्हणजे हे शहर स्वतःच्या हिमतीने ७४ वर्षे व्याख्याने ऐकत होते, त्यानंतर त्याला विद्यापीठ मिळाले. आजही वक्तृत्वोत्तेजक सभा दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे या काळात ही व्याख्यानमाला भरवते. रानडे यांच्या डोळ्यांसमोर निवृत्तांचा वेगळा वर्ग नव्हता, सार्वजनिक प्रश्नांवर विचार करणारा नागरिक होता. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही व्याख्यानमालेत आज पांढऱ्या केसांची गर्दी दिसते. त्या गर्दीकडे पाहताना मात्र आपल्याला नागरिक दिसत नाही, निवांत वेळ असलेला म्हातारा दिसतो.

हे विषयांच्या यादीवरून लगेच कळते. मधुमेह आणि आहार, गुडघेदुखी, मृत्युपत्र कसे करावे, ऑनलाइन फसवणुकीपासून सावधान, गीतेचा संदेश, आणि मध्ये एखादा विनोदी कार्यक्रम. यातला एकही विषय निरुपयोगी नाही. पण या यादीला श्रोत्याचे शरीर दिसते, मालमत्ता दिसते आणि उरलेले दिवस दिसतात. त्याची बुद्धी दिसत नाही. बुद्धीचा उल्लेख झालाच तर ‘मेंदू तल्लख राहतो’ अशा औषधी भाषेत होतो. जणू व्याख्यान ही रक्तदाबाच्या गोळीसारखी रोज वेळेवर घ्यायची वस्तू आहे आणि तिच्यात काय आहे याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नाही. न्यायव्यवस्था, हवामानबदल, शेतीचे अर्थकारण, जनुकशास्त्र या विषयांवर विशीतल्या मुलाला ऐकवताना आपण त्यामागे कारण शोधत नाही. मग सत्तरीतल्या माणसाच्या कुतूहलाला प्रकृतीचे निमित्त कशाला लागावे?

अशा सभागृहात काय घडू शकते याचे एक उदाहरण घेऊ. विद्यापीठातली एखादी तरुण संशोधक रोजगार हमी योजनेवर बोलायला आली आहे, अशी कल्पना करा. १९७२च्या दुष्काळातली कामे, पुढे १९७७ साली झालेला कायदा, खर्चाचे आकडे, मजुरीचे दर हे सगळे तिने दप्तरांतून आणि अहवालांतून जमवले आहे. समोरच्या खुर्च्यांत तेव्हा पंचविशीत असलेले आणि आज ऐंशीच्या आसपास पोहोचलेले कोणी बसले आहेत. कोणी पाझर तलावाच्या कामावर ओव्हरसियर होते, कोणी तहसील कचेरीत कारकून होते, कोणी तलाठी होते. हजेरीपट प्रत्यक्षात कसा भरला जाई, मातीकामाचे मोजमाप कोण आणि कधी घेई, मजुरीचे वाटप कुठे अडकत असे, हे त्यांना माहीत आहे. अहवालात ते एका रकान्यात संपलेले असते. अशा श्रोत्यांसमोर बोललेल्या संशोधकाला आपला पुढचा निबंध वेगळा लिहावा लागेल.

पण हे एकतर्फी चालणार नाही. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. निवृत्त अधिकारी आपल्या खात्याची बाजू सांभाळून बोलतो, कित्येकदा त्याच्याही नकळत. ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ या वाक्यापुढे तारीखवार कागद ठेवण्याचे काम संशोधकाचे आहे. आपण पस्तीस वर्षे ज्या यंत्रणेत काढली तिच्याविषयी साठ वर्षांचे अंतर असलेल्या मुलीकडून नवे काही कळणे, हे त्या वयातले खरे शिक्षण. तुलूझला जे द्यायचे होते आणि केंब्रिजला जे जागवायचे होते, ते दोन्ही इथे एकाच तासात घडू शकते.

याच उदाहरणात या सगळ्या खटाटोपाची मर्यादाही दिसते. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या आणि मातीची पाटी वाहणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या ज्या आज हयात आहेत त्याही याच वयाच्या आहेत, पण त्या सभागृहात नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर होती. त्यांतल्या बहुतेकांना कोणी कधी शाल-श्रीफळ देऊन निवृत्त केलेले नाही. शेतमजुराला निवृत्तीचे वय नसते आणि स्वयंपाकघरातल्या बाईलाही नसते. निवृत्तांची व्याख्यानमाला म्हणजे व्यवहारात पगारदारांची, शहरी आणि बव्हंशी पुरुषांची व्याख्यानमाला, हा आक्षेप म्हणूनच खरा आहे. पण तेवढ्यासाठी ती बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. दर काही आठवड्यांनी व्याख्यान वस्तीत न्यावे, आणि खडी फोडलेल्या बाईला पाहुणी म्हणून बोलावून प्राध्यापकाइतकेच मानधन द्यावे. तिचे बोलणे ‘अनुभवकथन’ या वेगळ्या खान्यात टाकू नये. त्याच विषयावरच्या मालिकेतले ते एक व्याख्यान असावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. महाविद्यालयांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर अध्यापक राबत आहेत, अशा वेळी म्हाताऱ्यांची हौस कशाला पुरवायची? मला वाटते, याच अडचणीत एक वाट आहे. नामवंत वक्त्यांमागे धावण्यापेक्षा व्याख्यानमालेने तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना आणि पीएच.डी. करणाऱ्यांना बोलवावे आणि मानधन वेळेवर द्यावे. त्यांच्या अभ्यासाला मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे वाचक मिळत नाही. ‘हे सगळे ठीक, पण याने काय सिद्ध झाले?’ असे निर्भीडपणे विचारणारे शंभर श्रोते मिळणे ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट ठरेल.

संयोजकांची एक कायमची तक्रार आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी लोक प्रश्न विचारत नाहीत, भाषणे करतात. तक्रार रास्त आहे, पण कारणही समजून घ्यायला हवे. वर्षानुवर्षे ज्याच्या शब्दावर कचेरी चालली त्याला आता घरात कोणी काही विचारत नाही. आठवड्यातून एकदा माइक हातात येतो आणि तो सोडवत नाही. चिठ्ठीवर प्रश्न मागवून त्याचे तोंड बंद करता येते, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याला रीतसर बोलायला लावणे. दर चौथे व्याख्यान श्रोत्यांपैकी कोणाचे तरी असावे. पूर्ण वेळ द्यावा, टिपण आधी मागवावे आणि नंतर इतरांनी त्याची उलटतपासणी घ्यावी. एकदा या कसोटीतून गेलेला माणूस पुढच्या वेळी प्रश्न नेमका विचारतो.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. दर आठवड्याला नवा विषय घेण्याऐवजी आठ-दहा आठवडे एकच विषय वेगवेगळ्या बाजूंनी चालवावा. वाचायची चार पाने मोठ्या अक्षरांत आधी हाती द्यावीत. वेळेचा अर्धा भाग चर्चेसाठी राखावा. सभागृह जिने चढावे न लागणारे असावे आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू यावे. विद्यापीठाने या श्रोत्यांना ग्रंथालयाचे दार उघडावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली विस्तारकार्याला अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीचे स्थान दिले. तेव्हा भर साक्षरतेवर होता आणि तो योग्यच होता. आज वाचता येणारी, वाचायला वेळ असलेली एक मोठी पिढी विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर राहते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी नव्या घोषणेची गरज नाही.

परीक्षा द्यायची असलेला विद्यार्थी ‘कळले, पण पटले नाही’ असे क्वचितच म्हणतो. त्याला तसे म्हणणे परवडत नाही. प्राध्यापकाचा सहकारी म्हणत नाही, कारण उद्या त्याचाही निबंध कोणाच्या तरी हाती जाणार असतो. निवृत्त माणसाचे विद्यापीठाशी कोणतेही देणेघेणे उरलेले नसते, म्हणून तो हे म्हणू शकतो, आणि त्याने ते म्हटले पाहिजे. लॅस्लेट ज्याला विश्वस्तपद म्हणत होते त्यातला एक वाटा हाच आहे. म्हणून वर्षअखेरीच्या अहवालात किती व्याख्याने झाली आणि किती मान्यवर येऊन गेले हे छापण्याआधी संयोजकांनी एक नोंद करावी. या वर्षात किती वक्त्यांना आपल्या मांडणीत दुरुस्ती करावी लागली आणि किती श्रोत्यांना आपले मत सोडावे लागले? दोन्ही आकडे शून्य असतील, तर शहराचा वेळ चांगला गेला, एवढेच म्हणता येईल.