दोष कोणाचा?

मोटारीतील दोष शोधताना आणि माणसातील दोष शोधताना एकच मोह आडवा येतो. कारण सापडण्यापूर्वीच आपण दोषी ठरवून मोकळे होतो.

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याचे व छपाईचे कारखाने आहेत. खानदेशातून पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात राहतात. यंत्राशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना आमचा दृष्टांत सहज पटेल.

जुनी डिझेल अँबॅसडर घ्या. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. घाईचा मिस्त्री म्हणतो, "पंप गेला." वास्तविक टाकीकडून येणाऱ्या नळीचा सांधा सैल असला, तर तेथून हवा आत ओढली जाते; बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. हवा दबते, आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम टाकी, सांधे व फिल्टर तपासतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतो व बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतो. मुख्य पंपाला तो शेवटी हात लावतो.

घाईच्या मिस्त्रीने पंपच बदलला तर? तरीही गाडी सुरू होऊ शकते! कारण नवा पंप बसविताना सांधे पुन्हा आवळले जातात व हवाही काढावीच लागते. मालक खूष होतो. आपले निदान खरे होते, असे मिस्त्रीलाही मनापासून वाटते. चांगला पंप मात्र भंगारात जातो.

आता शब्बाथ शाळेकडे पाहू. दंगा करणाऱ्या मुलाला आपण बाहेर काढतो आणि वर्ग शांत होतो. तेवढ्यावरून दोष त्याचाच होता, हे सिद्ध झाले काय? कदाचित तो उपाशीपोटी आला असेल. कदाचित आपला धडाच नीरस असेल, आणि बाकीची मुले केवळ भीतीने गप्प बसली असतील.

ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखावरून त्याचे पाप ठरविले; शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले, पाप त्याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान 9).

कोणी म्हणेल, पंपही कधी खरोखरच बिघडतो. खरे आहे. दोष झाकणे ही प्रीती नव्हे. म्हणूनच मत्तय 18 मध्ये प्रभूने क्रम घालून दिला: आधी एकांतात भेट, मग एकदोघांसह, आणि मग मंडळीपुढे. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो.

तेव्हा, शिक्षकबंधुभगिनींनो, हजेरीपटावरील एखादे नाव खोडण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी एकदा अवश्य जाऊन या.