हाकेचा अधिकार

भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्रमोक्षाची जी कथा आहे, तिच्यातील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ग्राहाने पाय धरताच गजेंद्र देवाचा धावा करीत नाही. तो प्रथम स्वतःच्या बळावर झुंजतो, मग त्याचा कळप त्याला ओढून पाहतो, आणि सहस्र वर्षे लोटून सर्व उपाय हरल्यावरच त्याच्या मुखातून हाक निघते. ती ऐकून भगवंत गरुडावर आरूढ होऊन येतात, आणि येण्यात त्यांचे काहीच पणाला लागत नाही. म्हणून ईश्वराला हाक मारताना भक्ताने वेळ-अवेळ पाहू नये, असे सांगणारी आपली भक्तिपरंपरा तर्कदृष्ट्याही निर्दोष ठरते. परंतु कोकणकड्याच्या पायथ्याशी, आषाढातल्या धुक्यात, पाय मोडून पडलेल्या तरुणाची हाक ऐकून बेलपाड्याचे जे गावकरी दोर घेऊन निघतात, त्यांचा पाय त्याच निसरड्या दगडावरून घसरू शकतो. देवाला मारलेली हाक आणि माणसाला मारलेली हाक यांत हा जो भेद आहे, तो ध्यानात घेतल्याखेरीज, डोंगरात जाताना संकटकाळी संदेश देणारे कोणते यंत्र जवळ बाळगावे, या वरकरणी बाजारहाटीच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

शीतयुद्ध चालू असतानाच, १९७९ साली, सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स या चार देशांनी कोस्पास-सारसॅट ही योजना हाती घेतली. १९८२ साली तिचा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि त्याच वर्षी कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील माणसे तिच्यामुळे वाचली. या योजनेशी जोडलेले, मुठीत मावणारे संकटसूचक यंत्र घ्यावे, त्याची दुमडलेली पट्टी उलगडून आकाशाकडे उभी करावी, झाकण सारून कळ दाबून धरावी, की ४०६ मेगाहर्ट्झवर निदान चोवीस तास त्याची आर्त हाक चालू राहते. त्याला मासिक वर्गणी लागत नाही. मात्र मालकाचे नाव-ठिकाण आधी सरकारी दफ्तरात नोंदवावे लागते. उणीव एवढीच, की ते केवळ ओरडते. पाय मोडला की साप चावला, माणूस एक की पाच, हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्या जातीची यंत्रे इरिडियमच्या सहासष्ट उपग्रहांसारख्या जाळ्यांतून लेखी मजकूर पाठवितात आणि उत्तरही आणतात. त्यांना वर्गणी भरावी लागते व त्यांची बॅटरी वरचेवर भरावी लागते. परंतु 'पाणी आहे, शुद्ध आहे, स्ट्रेचर आणा' एवढे कळले तरी येणाऱ्यांचे निम्मे ओझे हलके होते, आणि पडलेला माणूस आपण होऊन उठला तर 'येऊ नका' असेही कळविता येते. येणाऱ्याचा विचार करणाऱ्याने, परवडत असेल तर, हीच जात पसंत करावी, असे माझे मत आहे.

आपल्या देशात मात्र या निवडीवर कायद्याचा अंकुश आहे. दूरसंचार खात्याच्या परवान्यावाचून उपग्रह-दूरध्वनी बाळगणे येथे गुन्हा असून, असे दुतर्फी यंत्र सामानात सापडल्यामुळे गोव्याच्या व दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना अडविले गेले आहे. तेव्हा परदेशच्या जाहिराती वाचून येथे यंत्र मागविण्यापूर्वी परवान्याची चौकशी करणे, हे शहाणपणाचेच नव्हे तर कर्तव्याचेही आहे.

रामानुजांच्या संप्रदायात पुढे दोन पंथ झाले आणि त्यांत मर्कटन्याय व मार्जारन्याय असा वाद माजला: माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगते, मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, ईश्वराची कृपा यांपैकी कोणत्या रीतीने होते? जहाजावरचे संकटसूचक यंत्र जहाज बुडू लागताच पाण्याच्या दाबाने आपोआप सुटते, वर तरंगते आणि संदेश देऊ लागते. ती मार्जारवृत्तीची सोय झाली. पायी प्रवाशाच्या यंत्राची कळ मात्र त्याने स्वतःच दाबावी लागते. मला यातील दुसरी रीत माणसामाणसांतील व्यवहाराला अधिक शोभणारी वाटते, कारण कळ दाबण्यापूर्वीच्या त्या क्षणात, आपण खरोखरच हतबल झालो आहोत की केवळ दमलो आहोत, याचा निवाडा प्रवाशाला करावा लागतो, आणि हा निवाडाच त्याच्या हाकेला नैतिक बळ देतो. उलट, यंत्र आहे म्हणून एरवी जी वाट धरली नसती ती धरणे, म्हणजे दुसऱ्याच्या प्राणांवर आपल्या धाडसाची हुंडी काढणे होय.

याचा अर्थ संकोचाने मरावे, असा नव्हे. २००३ साली अमेरिकेतील युटाच्या घळईत ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला. आपण कोठे जात आहोत याची इत्तला त्याने कोणालाही दिली नव्हती, आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात चाकूने कापून त्याला सुटका करून घ्यावी लागली. घरी व पायथ्याच्या गावात वाट, सोबती व परतण्याची वेळ यांची वर्दी देऊन ठेवणे, हे परवाना न लागणारे आणि बॅटरी न संपणारे पहिले साधन होय. दुसरे साधन शिट्टी. आल्प्सच्या संकेतानुसार मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचे; तिकडून मिनिटात तीन वेळा उत्तर येते. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याचा मान राखलेला आहे. मोबाईल, उपग्रहयंत्र वगैरे पुढची साधने ऐपतीप्रमाणे व कायद्याप्रमाणे घ्यावीत. परंतु ज्याने ही पहिली दोन केली नाहीत, त्याने महागडे यंत्र विकत घेतले तरी हाकेचा अधिकार विकत घेतला, असे समजू नये. गजेंद्राने आधी आपले सगळे बळ वेचले होते. माणसांना हाक मारणाऱ्याने त्याहून कमी करून भागणार नाही.