मुक्या गिऱ्हाइकाचं माप

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या शेजारी वॉल्सॉल नावाचं शहर आहे. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनाव ‘सॅडलर्स’, म्हणजे जीन बनवणारे. ही ओळख कातड्याची असली तरी शहराची सुरुवात लोखंडाची. लगामाची कडियाळी, रिकिबी, बकलं असलं धातूकाम इथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. कातडीकाम त्यामागून आलं आणि एकोणिसाव्या शतकात त्यानेच गाव व्यापलं. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले. १९८८ साली एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत चामडी कामाचं संग्रहालयही उघडलं. तरीही हाताने जीन घडवणारी माणसं त्या शहरात अजून आहेत.

‘हातानं बनवलेलं’ एवढी चिठ्ठी लावली की वस्तूची किंमत दुप्पट करायची, असा सध्याचा रिवाज आहे. मला त्या चिठ्ठीचा जरा संशय येतो. हाताने नेमकं काय साधतं, हे कुणी सांगत नाही. जिनाच्या बाबतीत मात्र ते सांगता येतं.

जीन म्हणजे कातड्याची गादी, असं लांबून वाटतं. खरं तर इंग्लिश घडणीच्या जिनात कातडं शेवटी येतं. आत बीचच्या लाकडाचा सांगाडा असतो, पातळ थर एकमेकांवर चिकटवून घडवलेला, पुढच्या कमानीला पोलादाने भक्कम केलेला. पुढून मागे पोलादाच्या दोन लवचिक पट्ट्या धावतात, त्यामुळे स्वाराच्या वजनाखाली आसन किंचित दबतं. त्यावर जाड पट्टे ताणून ठोकायचे, लोकरीचा थर द्यायचा आणि मग ओलं कातडं ओढून बसवून वाळू द्यायचं. आसनाला पूर्वी डुकराचं कातडं पसंत करत, पातळ असून चिवट म्हणून. घोड्याच्या पाठीला टेकणारी खालची गादी वेगळी. तिच्यात लोखंडी सळईने लोकर सारत जायची, कुठे सैल, कुठे घट्ट.

शिवणकाम आणखी पाहण्यासारखं. कारागीर गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून बसतो, आरीने भोक पाडतो आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया त्याच भोकातून समोरासमोर काढतो. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा कातड्याच्या मध्ये एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की दुसऱ्याची पकड जाते आणि शिवण उसवत सुटते. हाताच्या टाक्यात दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून आरपार गेलेली असतात, म्हणून एक झिजलं तरी दुसरं शिवण धरून ठेवतं. धावत्या घोड्यावर तंगाच्या पट्ट्याची शिवण गेली तर स्वार जिनासकट खाली येईल, तेव्हा हा काही नुसत्या सौंदर्याचा प्रश्न नाही. आपल्याकडच्या चांभाराला यात नवल वाटणार नाही. आरी, रापी, मेण आणि मांडी ही सामग्री त्याच्याही ओळखीचीच.

पण हाताची थोरवी या टाक्यातच असती, तर वाद केव्हाच मिटला असता. हा टाका कानपुरातही तितकाच सुबक पडतो. १८५७ नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने लष्करासाठी तिथे जीन आणि घोड्यांच्या साजाचा कारखाना काढला, त्याच्याभोवती कातडं कमावण्याचा धंदा वाढला, आणि आज कानपूरची जिनं युरोप-अमेरिकेला जातात. कानपूरच्या या कारागिरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. टाका, कातडं, सांगाडा सगळं पेटीत घालून समुद्रापार पाठवता येतं. पाठवता येत नाही ते जीन बसवणं. माझ्या मते हाताचं खरं काम तिथे सुरू होतं.

जीन घोड्याच्या कण्यावर टेकता कामा नये. वजन पडायचं ते कण्याच्या दोन्ही अंगांच्या लांब स्नायूंवर, आणि तेही बरगड्यांचा आधार आहे तेवढ्यावरच. बरगड्यांच्या अठरा जोड्या. शेवटच्या बरगडीच्या मागे जीन गेलं की खाली आधार उरत नाही. पुढच्या बाजूला खांद्याचं पातं. घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा त्या पात्याचा वरचा भाग मागे सरकतो, त्याला वाट मोकळी हवी. एवढा मोठा प्राणी, पण ओझं ठेवायला जागा अगदी बेताची. तिच्यावरही जीन सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. पुढे-मागे टेकून मध्ये पोकळी राहिली तर सगळा भार चार ठिकाणी रुततो. दाब फार दिवस राहिला की त्या जागेचे केस पांढरे येऊ लागतात, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. काळ्या घोड्याच्या खांद्यावरचे पांढरे ठिपके हौशी माणसाला शोभेचे वाटतात. जाणकाराला त्यात जुन्या जिनाचा इतिहास दिसतो.

म्हणून जाणकार तबेल्यात जातो. लवचिक पट्टी घोड्याच्या खांद्यांवरच्या उंचवट्यावर दाबून तिचा बाक कागदावर उतरवून घेतो, जिनाखाली हाताचा तळवा सारून दाब चाचपतो, घोडा चालवून पाहतो, मग स्वार बसवून पुन्हा पाहतो. आता दाब मोजणाऱ्या विजेच्या चटयाही आल्या आहेत. त्या लाल-पिवळा नकाशा काढून दाखवतात. त्या वापराव्यात, त्यात पाप नाही. पण नकाशा लाल झाला म्हणजे लोकर कुठली काढायची आणि कुठे भरायची, हे पुन्हा माणसालाच ठरवावं लागतं. आणि ठरवलेलं टिकत नाही. घोडा दोन महिने बसून राहिला की पाठीचे स्नायू ओसरतात, नीट कसरत मिळाली की भरतात, म्हातारपणी पाठ खोलावते. इकडे लोकरही दबते, तिच्या गाठी होतात. म्हणून वर्षातून निदान दोनदा त्याच जिनाकडे, त्याच घोड्याकडे परत यावं लागतं. ब्रिटनमधल्या जीनकारांच्या संघटनेत (स्थापना १९६६) जीन बनवण्याची आणि जीन बसवण्याची पात्रता वेगवेगळी मानतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

या धंद्यातला खरा पेच मात्र वेगळाच आहे. जोडा चावला तर माणूस दुकानात जाऊन भांडतो. इथे पैसे देणारा एक आणि सोसणारा दुसरा. स्वाराला आसन मऊ लागलं की त्याच्या लेखी जीन उत्तम. घोडा तंग आवळताना चावायला येतो, पाठ खाली दाबतो, कान मागे पाडतो, आणि आपण त्याला खोडकर ठरवून मोकळे होतो. दुखण्याला स्वभावाचं नाव देणं आपल्याला सोपं जातं. घोड्यांच्याच बाबतीत असं नाही.

फौजांनी या पेचावर आपला तोडगा काढला. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिशांकडचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. बहुतेक उपासमारीने, रोगाने आणि अतिश्रमाने, पण सोललेल्या पाठींनीही कितीतरी घोडे निकामी केले. १९१२ च्या लष्करी नमुन्यात जिनाच्या बाजूच्या फळ्या बिजागरीवर बसवल्या, म्हणजे त्या पाठीप्रमाणे आपोआप वळाव्यात. हजारो घोड्यांना एकच माप लावायचं म्हटल्यावर याहून चांगलं काय करणार? मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. घोडा गेला तर शिलेदाराची रोजीच बुडे, म्हणून तो घोड्याला जपे, आणि कधीकधी लढाईतही जरा जास्तच जपे. पाठ कुणाच्या मालकीची, यावर तिची काळजी ठरत आली आहे.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नव्हे. घोडा, जीन आणि स्वारी हा मानाचा विषय. कातडं हा विटाळाचा. कानपूरच्या चामड्याच्या धंद्यात कष्ट प्रामुख्याने दलित आणि मुसलमान हातांचे. आणि त्याच उत्तर भारतात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या आजही येतात. जीन शिवलेलं चालतं, त्यावर बसलेलं चालत नाही! महाराष्ट्रात जीनगरांचा मूळ व्यवसाय जिनाचा. पेशवाई बुडाल्यावर घोडदळं गेली, तेव्हा ते मूर्तिकाम, चित्रकाम, पुस्तकबांधणी अशा कामांकडे वळले. हात तेच राहिले, गिऱ्हाईक बदललं. घोड्याच्या पाठीविषयीचं त्यांचं जे ज्ञान होतं, ते कुणी लिहून ठेवण्याच्या लायकीचं मानलं नाही.

हाताने घडवलेल्या इंग्लिश जिनाला आज काही लाख रुपये मोजणारे लोक आहेत. कातडं कुठल्या गावचं, टाके किती बारीक, हे ते कौतुकाने सांगतात. लोकर तपासायला सहा महिन्यांनी आलेल्या माणसाचं बिल पाहिलं की मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.