इशारा कोणासाठी?

‘समाज बिघडला आहे’ हे वाक्य आज सर्वांच्या तोंडी आहे. जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या दावतीत, काळेवाडी फाट्यावरील चहाच्या टपरीवर तेच ऐकू येते. बोलणाऱ्यांचे धर्म निराळे असतात, तक्रार मात्र एकच असते. या तक्रारीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. अश्लीलता, मद्य, जुगार आणि व्याज यांचा निषेध कुरआनने निःसंदिग्धपणे केला आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ही तक्रार करणारा मनुष्य प्रेषितांच्या मार्गावर उभा असतो काय?

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय विचारात घ्या. जो म्हणतो की लोक नष्ट झाले, तोच त्यांच्यात सर्वाधिक नष्ट झालेला असतो. इमाम मालिक (र.) यांनी याचे स्पष्टीकरण करताना भेद दाखवला आहे. लोकांच्या अवस्थेचे दुःख होऊन कोणी असे म्हणत असेल तर त्यात दोष नाही. पण स्वतःला श्रेष्ठ समजून, लोकांना तुच्छ लेखून म्हणत असेल, तर तेच निषिद्ध आहे. म्हणजे शब्द तेच असले, तरी एकाच्या तोंडी ते नसीहत ठरतात आणि दुसऱ्याच्या तोंडी अहंकार.

हा भेद ओळखावा कसा? यासाठी बायबलमधील एका प्रसंगाकडे पाहू. आमोस यांचे नाव कुरआनात नाही. मात्र काही प्रेषितांची हकीकत सांगितली आणि काहींची सांगितली नाही, असे कुरआन स्वतःच म्हणतो (सूरह मोमिन : ७८). म्हणून त्यांच्या दर्जाविषयी आपण मौन राखू आणि जो बोध कुरआनच्या शिकवणुकीशी जुळतो तेवढा घेऊ. आमोस हे तकोवा गावचे मेंढपाळ. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची भरभराट असताना, ते तेथे बोलू लागले. प्रारंभी त्यांनी दमास्कस, गाझा, सोर, अदोम अशा शेजाऱ्यांच्या अपराधांचा पाढा वाचला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील, असे सहज वाटते. मग त्यांनी स्वतःच्या यहुदा राज्याचे नाव घेतले आणि शेवटी समोरच्या श्रोत्यांकडेच बोट वळवले.

अपराध कोणता होता? धान्याचे माप लहान, नाण्याचे वजन जड, तराजू खोटा आणि गव्हाबरोबर भुसाही विकायला ठेवलेला. गरीब माणूस जोड्याच्या किमतीत विकला जात होता. सब्त कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, याची व्यापाऱ्यांना घाई होती. उपासना चालू होती, सणही साजरे होत होते. आमोस यांनी सांगितले की न्यायाविना हे काहीच स्वीकारले जाणार नाही. तेव्हा बेथेलच्या पुजाऱ्याने त्यांना सुनावले, आपल्या मुलखात जा आणि तेथे भविष्य सांग. पुढे इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी ते राज्य नामशेष केले.

आता सूरह हूद उघडा. मदयनवासीयांना प्रेषित शुऐब (अ.) यांनी एकेश्वरत्वाच्या पाठोपाठ पहिली गोष्ट सांगितली ती मापात आणि वजनात कमी न करण्याची. त्यांच्या समाजाने दिलेले उत्तर आजही ओळखीचे वाटते. तुझी नमाज तुला हेही शिकवते का, की आम्ही आमच्या संपत्तीचा मनाप्रमाणे विनियोग करू नये? (आयत ८७ चा आशय). नमाज मशिदीत आणि व्यवहार दुकानात, या दोहोंचा संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. हा संबंध तोडणे हाच नैतिक अधःपतनाचा आरंभ होय.

पवनेच्या काठची आपली काळेवाडी पाहा. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून पिंपरीत कारखाने वाढत गेले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि उद्योगांचा पट्टा चाकणपर्यंत पसरला. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली माणसे येथील खोल्यांतून राहतात. या वस्तीत तराजू केवळ किराणा दुकानात नसतो. ठेकेदाराच्या हजेरीपटात तो असतो, घरमालकाच्या भाडेपावतीत आणि वीज सबमीटरच्या दरातही असतो.

सूरह मुतफ्फिफीन ज्यांच्या विनाशाची घोषणा करते, ते घेताना पुरेपूर घेतात आणि देताना घटवून देतात. कामगार दहा मिनिटे उशिरा आला म्हणून अर्धा रोज कापणारा ठेकेदार आपले घेणे पुरेपूर घेतो. तोच कायद्याने दुप्पट दराने द्यावयाचा ओव्हरटाइम साध्या दराने देतो. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचा असतो, तो स्वतःजवळच ठेवतो. खोली सोडणाऱ्या भाडेकरूचे डिपॉझिट किरकोळ कारणे काढून बुडवणारा, रात्रपाळीत झोपून पूर्ण पगार घेणारा आणि घरकाम करणाऱ्या बाईचे खाडे मोजून तिचे जादा काम न मोजणारी गृहिणी, हे सारे याच तराजूपाशी उभे आहेत. बुखारीतील हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांविरुद्ध स्वतः वादी असेल, त्यांतील एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा.

यावर कोणी म्हणेल, सांगून उपयोग काय? ऐकणारे कोणी नाही. हा प्रश्नही जुनाच आहे. समुद्रकाठच्या वस्तीत शनिवारचा नियम मोडला जात होता, तेव्हा काहींनी उपदेश करणाऱ्यांना विचारले, अल्लाह ज्यांना नष्ट करणार आहे त्यांना तुम्ही का समजावता? उत्तर मिळाले की आपल्या पालनकर्त्यापुढे आमची बाजू मांडता यावी म्हणून, आणि कदाचित ते वाईटापासून दूर होतील म्हणून (सूरह आराफ : १६४). सांगणाऱ्यांनी आशा सोडली नव्हती. जहाजाची हदीसही हेच शिकवते. खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांचे हात धरले नाहीत, तर सारेच बुडतील. म्हणून इशारा देणाराही त्याच जहाजात बसलेला असतो.

आणि इशारा यशस्वी कधी होतो? तो खरा ठरल्यावर नव्हे. प्रेषित यूनुस (अ.) यांच्या समाजाने ईमान आणले आणि समोर आलेले संकट टळले (सूरह यूनुस : ९८). प्रेषितांचा इशारा टळण्यासाठीच असतो. समाज बुडेल असे भाकीत करून तो बुडण्याची वाट पाहणारा त्याचा हितचिंतक नव्हे.

तेव्हा प्रिय वाचकहो, पुढच्या वेळी समाजाच्या अधोगतीविषयी बोलण्यापूर्वी घरातल्या घरात एक हिशेब मांडा. माझ्याकडे कोणाची मजुरी थकली आहे? कोणाचे डिपॉझिट अडकले आहे? कोणाच्या श्रमाचे मोल मी घटवले आहे? ते आधी चुकते करा. ज्या मुलांना आपण नैतिकतेचे धडे देतो, त्यांच्यासमोरच ते चुकते करा. त्यानंतर शेजाऱ्याला सांगितलेली गोष्ट त्याच्या कानाला वेगळी लागेल. वस्त्यांतील लोक सुधारणा करणारे असताना तुमचा पालनकर्ता त्या वस्त्या अन्यायाने नष्ट करीत नाही, असे सूरह हूद सांगते (आयत ११७). म्हणजे वस्तीचे रक्षण सुधारणाऱ्यांमुळे होते, आणि सुधारणा स्वतःच्या तराजूपासून सुरू होते.

अल्लाह आपणा सर्वांना मापात, मजुरीत आणि वाणीत न्याय करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.